पुठ्ठाकामाच्या रांगेत मी उभा होतो असे धरणेबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
विषयनिवड व विषयबंदी कक्ष,
शिक्षण कार्यालय, दुसरा मजला, जिन्याजवळची खोली.

मार्फत : मा. मुख्याध्यापिका (त्यांनी पुढे पाठवल्यास).

विषय : पुढील वर्षाच्या ऐच्छिक विषयांच्या निवडीत झालेली शिरगणती दुरुस्त करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) शाळेच्या फलकावरील सूचना, "पुठ्ठाकाम व पुस्तकबांधणी हा विषय पुढील वर्षापासून बंद."
२) सदर सूचना लागल्यापासून आमच्या घरातील शांतता.

महोदय,

पुठ्ठाकाम हा विषय बंद झालेला आहे. सूचना लागली, कपाटाची किल्ली मुख्याध्यापिकाबाईंकडे जमा झाली, आणि चिकटवायची खळ शिजवायचे पातेले शाळेच्या माळ्याने कुंड्यांना पाणी घालायला नेले. एवढे सुरुवातीलाच नमूद करतो, म्हणजे अर्जदाराने काही लपवले असे कुणी म्हणायला नको. यापुढील मजकूर मात्र तो विषय बंद झालेला नाही असे धरून लिहिला आहे. आपणही तसेच धरून वाचावे. मधेच आठवले तर विसरावे. मी तसेच करतो आहे, जमत नाही.

१. मी सदर शाळेत इयत्ता नववीत शिकतो. पुठ्ठाकाम शिकवणारे सर हे शाळेच्या वेळेत सर असतात. फाटकाबाहेर पडून पहिले वळण ओलांडले की ते माझे वडील होतात. ही व्यवस्था त्यांनीच लावलेली आहे. "शाळेत बाप दिसायला लागला की पोरगं बिघडतं, आणि बापही," असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे सायकलवर त्यांच्या मागे बसूनही वळण येईपर्यंत मी "सर, जरा हळू" म्हणतो आणि वळणानंतर "बाबा, पाडाल ना मला" म्हणतो. शाळेत मुले मला 'डिंक्या' म्हणतात. त्याचे कारण वेगळे सांगायला नको.

२. पुठ्ठाकाम म्हणजे काय, हे कार्यालयास माहीत असेलच. नसल्यास, आपल्या टेबलावरील फायली ज्यामुळे उघडता येतात आणि मिटताही येतात, ते. पुठ्ठा मापाने कापणे, खळ लावणे, फाटक्या पुस्तकाची पाने दाभणाने टोचून पुन्हा शिवणे, कोपऱ्यांना कापड चढवणे, झाकणाचे डबे करणे. आठवीला हा विषय सर्वांना सक्तीचा असतो, दहावीला ऐच्छिक. दरवर्षी पहिल्या तासाला वडील एकच वाक्य बोलतात : "पुस्तकं फाटायची थांबतील त्या दिवशी मी घरी बसेन." पुस्तके फाटायची थांबलेली नाहीत, हे आपण आमच्या वर्गात येऊन कोणत्याही बाकावर पाहू शकता. तरीही वेळ आली. ती पुस्तकांनी आणली नाही, हे पुढे येईलच.

३. आमच्या शाळेत पुढील वर्षाचे विषय कागदावर निवडत नाहीत. पूर्वी निवडत असत. परंतु मुले एका विषयावर खूण करीत, घरी गेल्यावर आई दुसऱ्यावर करी आणि काका तिसऱ्यावर. त्यावर उपाय म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी 'रांग' सुरू केली. ठरलेल्या दिवशी सर्व ऐच्छिक विषयांचे शिक्षक हातात आपापल्या विषयाची पाटी घेऊन सभागृहात भिंतीला टेकून उभे राहतात. ज्याला जो विषय घ्यायचा त्याने त्या शिक्षकासमोर रांगेत उभे राहायचे. घंटा झाली की बाई प्रत्येक रांगेतून जातात आणि हातातली पट्टी एकेकाच्या डोक्याला टेकवत मोजतात. मग तीन वेळा विचारतात, "कुणाला बदलायचंय?" तिसऱ्यांदा कुणी हलले नाही की झाले. ज्या रांगेत आठ डोकी नाहीत तो विषय पुढील वर्षी नाही, मग तो खालच्या वर्गाला सक्तीचा असला तरी. बाईंचे म्हणणे असे की, "हात खोटं लिहितो, पाय खोटं बोलत नाहीत." माझ्या पायांबद्दल बाईंचा गैरसमज झाला आहे. तो दूर करावा, हाच या अर्जाचा मूळ हेतू.

४. रांगेच्या आदल्या संध्याकाळी वडील मोरीवर नखांतली वाळलेली खळ काढत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारले, "उद्या कुठं उभा राहणार?" मी म्हणालो, "तुमच्यासमोर. दुसरीकडं मला घेतंय कोण!" ते हसले. स्वयंपाकघरातून आईही हसली. हे मी गंमत म्हणून म्हणालो की खरे म्हणून, ते मला विचारण्यात येऊ नये. माझ्या बोलण्यात गंमत कुठे संपते ते घरात कुणी पाहत नाही. मीही पाहत नाही. आजवर त्यात कुणाचे नुकसान झाले नव्हते.

५. मला जे नंतर कळले ते इथेच सांगून टाकतो, कारण ते आधी घडले होते. आमच्या वर्गातील एका मुलीस आम्ही 'मुनीम' म्हणतो. तिचे नाव पुठ्ठाकामात नक्की धरलेले होते. तिला खरे तर हिशेबलेखन घ्यायचे होते, पण सरांचा विषय पडेल म्हणून तिला सांगवत नव्हते. रांगेच्या दिवशी सकाळी ती त्यांना कपाटापाशी गाठून चाचरत बोलली. वडिलांनी बोटांवर मोजले, आणि म्हणाले, "जा गं, बिनधास्त जा. आठवा माझ्या घरातच आहे."

महोदय, त्यांनी मला मोजले. उभा राहण्याआधीच मोजले. आयुष्यात ते पुठ्ठा दोनदा मापल्याशिवाय कापत नाहीत.

६. सभागृह म्हणजे आमच्याकडे डबे खाणे, कवायत आणि भाषणे या तिन्हींची मिळून एकच खोली आहे. त्या दिवशी संगणक घेणाऱ्यांची रांग भिंतीपासून निघून वळत वळत सभागृहभर पसरली होती. वडील खिडकीच्या बाजूला होते. इतरांच्या पाट्या म्हणजे वहीचे पान लाकडाला चिकटवलेले. वडिलांची पाटी पुठ्ठ्याची, कडेला निळे कापड, चार कोपऱ्यांना चार त्रिकोण. समोर सात मुले. मी माझा मित्र भोंगा याच्यासोबत आत आलो (त्याचा आवाज ऐकल्यास आपणही त्यास हेच नाव द्याल) आणि संगणकाच्या रांगेत उभा राहिलो.

माझा बेत असा होता : घंटा होईपर्यंत तिथे उभे राहायचे, सगळ्यांना वाटू द्यायचे की डिंक्या सुटला, आणि बाई "कुणाला बदलायचंय?" म्हणाल्या रे म्हणाल्या की सबंध सभागृह ओलांडून वडिलांसमोर उडी मारायची. हशा, टाळ्या वगैरे. बेत उत्तम होता. असे बेत मी रोज करतो.

७. मी उडी का मारली नाही याची कारणे पुढीलप्रमाणे :

(अ) फरशी नुकतीच पुसलेली असल्याने घसरून इजा होण्याचा संभव होता.
(ब) शिपाईकाकांनी घंटा वेळेआधी दिली.
(क) माझ्या बुटाची नाडी सुटली होती.

वरील तिन्ही कारणे मी मागे घेत आहे. फरशी कोरडी होती. घंटा वेळेवर झाली. शिपाईकाका या बाबतीत देवमाणूस आहेत. आणि माझ्या बुटांना नाड्या नाहीत, पट्ट्या आहेत.

खरे कारण असे. बाईंची पट्टी वडिलांच्या रांगेत सातव्या डोक्यावर थांबली. बाई म्हणाल्या, "सात. सर, आठवा?" वडील दाराकडे पाहत म्हणाले, "येईल. पाणी प्यायला गेला असेल." बाईंनी पहिल्यांदा विचारले, "कुणाला बदलायचंय?" तेव्हा वडिलांची नजर दारावरून निघाली आणि रांगारांगांतून फिरत माझ्यापाशी आली. हीच उडीची वेळ होती. माझा एक पाय पुढे गेलाही होता. तेवढ्यात मागून भोंगा म्हणाला, "जा रे डिंक्या, जाऊन चिकट बाबांना!" आणि अख्खी रांग हसली. त्या हसण्यात मीही हसलो, कारण कुणी हसले की मी हसतो, तशी सवयच आहे. हसता हसता पाय मागे आला. दुसऱ्यांदा विचारले. मग तिसऱ्यांदा.

वडिलांनी मला हाक मारली असती तर मी गेलो असतो. निदान डोळे वटारले असते तरी गेलो असतो. परंतु शाळेत ते बाप नसतात, हे आपणास परिच्छेद १ मध्ये कळवलेच आहे. ते बाईंना म्हणाले, "सातच आहेत. एक मी उगाच धरला होता. माझी चूक." मग त्यांनी पाटी खाली घेतली आणि समोरच्या सातजणांना म्हणाले, "चला, पटापट दुसऱ्या रांगा धरा. चांगल्या जागा जातील." त्यांतला एक चष्मेवाला भोंग्याच्या मागे येऊन उभा राहिला. चष्मा पुसत म्हणाला, "तू आधीपासून इथंच होतास?" मी म्हणालो, "हो." त्या दिवशी मी एवढे एकच खरे बोललो.

८. घरी गेल्यावर काय झाले असे आपण विचाराल. काही झाले नाही. तीच तर तक्रार आहे. सायकलवरून येताना वळण गेले तरी मी काहीच म्हणालो नाही, ना 'सर' ना 'बाबा'. तेच म्हणाले, "कॉम्प्युटरला खिडकीजवळचं मशीन धर. भिंतीकडचं तापतं म्हणतात." संगणकाचे तयारीचे तास नववीतच सुरू होतात, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याचे नवे पुस्तक मिळाले. ते मी टेबलावर टाकून खेळायला गेलो. परत येऊन पाहतो तर पुस्तक बांधलेले. पाठीला कापड, कोपऱ्यांना त्रिकोण, आत जाड कागदाची पाने, सगळे कसे मापात. नव्याकोऱ्या पुस्तकाला कुणी बांधणी करते का, महोदय? ते फाटायचेही होते अजून. सदर पुस्तक मी आजवर उघडलेले नाही. वर्गात शेजाऱ्याच्या पुस्तकात पाहतो आणि दोघांनाही बोलणी बसतात.

माझी आई दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर असते, त्यामुळे तिची बोलण्याची पद्धत ठरलेली आहे. तिने विचारले, "काय होतंय?" मी म्हणालो, "काही नाही." "कधीपासून?" मी ताट सरकवले. "भूक?" "नाही." "झोप?" "नाही." तेव्हा ती म्हणाली, "ते रागावले नाहीत ना, म्हणून होतंय तुला. एक सणसणीत बसली असती तर उतरलं असतं. पण त्यांच्याकडं ते औषध नाही. आता जेवून घे, बाहेर माणसं थांबलीत." बाहेर कुणी थांबलेले नव्हते. तिला तशी सवय आहे.

९. यंदाचा पुठ्ठाकामाचा अभ्यास संपल्याने वडिलांना सध्या सायकल-स्टँडवर देखरेख आणि गैरहजर शिक्षकांचे तास अशी कामे दिली आहेत. मागच्या आठवड्यात ते आमच्या वर्गावर आले. शिकवायला काही नव्हते. मुले गडबड करीत होती. ते टेबलावरच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढून कडा जुळवत बसले. जुळवल्या, पुन्हा विस्कटल्या, पुन्हा जुळवल्या. भोंगा माझ्या कानाशी म्हणाला, "सरांना काय झालंय रे?" आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलला. तास संपेपर्यंत मी बाकाखाली पडलेली पेन्सिल शोधत होतो. पेन्सिल माझ्या खिशात होती.

१०. चूक दुरुस्त करण्यासाठी मी पुढील खटपटी केल्या, त्यांचीही नोंद घ्यावी. प्रथम मुनीम हिला भेटलो. आठव्याची गोष्ट मला तिच्याकडूनच कळली. ती म्हणाली, "सर घरातला म्हणाले ना, मला वाटलं तुला धाकटा भाऊ आहे." मी तिला पुठ्ठाकामात परत येण्याची विनंती केली, म्हणजे ती आणि मी धरून नऊ होतील, एखादा आजारी पडला तरी चालेल. ती म्हणाली, "तू हात जोडतोयस म्हणजे काहीतरी भानगड असणार." मी शपथ घेतली. ती अजूनच मागे सरकली. तिचे काही चुकले नाही. लांडगा आला रे करणाऱ्याच्या मेंढ्या जातात हे मला माहीत होते, पण दुसऱ्याच्या जातात हे माहीत नव्हते.

मग बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "तू त्या रांगेत उभा नव्हतास." मी म्हणालो, "पण राहणार होतो." त्या म्हणाल्या, "राहणार होते त्यांना मोजायचं ठरवलं तर मला शाळेवर आणखी दोन मजले चढवावे लागतील."  मी नमस्कार करून निघालो, कारण बाईंच्या टेबलावर त्या कपाटाची किल्ली कागदावर वजन म्हणून ठेवलेली होती.

बाहेर शिपाईकाकांनी सगळे ऐकले होते. ते म्हणाले, "माझं नाव घाल की पुठ्ठ्याला. नववी नापास आहे मी, पण शाळेत तुमच्यापेक्षा जास्त दिवस येतो." मी त्यांचे आभार मानले. कार्यालयाने यावरही विचार करण्यास हरकत नाही.

११. शेवटी शाळेच्या लेखनिकांनी मला एक वाट दाखवली. तेवढ्यासाठीच हा अर्ज आहे. ते म्हणाले की फार पूर्वी लघुलेखन हा विषय असाच बंद झाला होता, पण त्यानंतरही तो कित्येक वर्षे चालू राहिला. कारण एक मुलगा त्यात सारखा नापास होत असे. नियम असा आहे म्हणे, की एखाद्या विषयात नापास झालेला मुलगा शाळेत शिल्लक आहे तोवर त्या विषयाचा शिक्षक, खोली आणि फेरपरीक्षेच्या तयारीचा तास काढून घेता येत नाही. "मग काय झालं?" मी विचारले. "काय होणार? पास झाला मेला," लेखनिक कळवळून म्हणाले. "चांगलं चाललं होतं सगळं."

आठवीच्या पुठ्ठाकामात मी पास आहे. काठावरच, कारण मुलाला झुकते माप दिले असे कुणी म्हणू नये म्हणून वडिलांनी मला कधी एक गुणही जास्तीचा दिला नाही. तरी पास. त्या वर्षी मी केलेला झाकणाचा डबा घरी माळ्यावर होता. तो पुरावा म्हणून जोडावा, झाकण बसत नाही असे दाखवावे आणि मागील निकाल रद्द करून घ्यावा, असा माझा विचार होता. काल डबा काढून पाहिला. झाकण चपखल बसते. मग आठवले, की तो डबा त्यांनी मला पुन्हापुन्हा परत दिला होता, आणि तो बसेपर्यंत स्वतः एकदाही हात लावला नव्हता. मी कातर घेऊन झाकणाचा कोपरा कापायला बसलो. कापवला नाही. तेव्हा डबा जोडलेला नाही. पुराव्याअभावी केवळ माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा. तो ठेवण्यात काय धोका असतो हे वर सविस्तर आलेच आहे.

१२. तरी विनंती की, मला आठवीच्या पुठ्ठाकामात मागील तारखेपासून नापास करण्यात यावे. फेरपरीक्षेच्या तयारीसाठी खिडकीकडची ती खोली, कपाटाची किल्ली आणि सदर शिक्षक यांना मंजुरी द्यावी. दहावी झाली तरी मला सोडू नये. पुढे मी नोकरीला लागलो, तर सुट्टीच्या दिवशी येईन. आणि सर्वांत महत्त्वाचे, मला नीट न शिकवण्याचे लेखी आदेश सरांना द्यावेत. तोंडी सांगितलेले ते ऐकणार नाहीत. मी मुद्दाम वाकडे कापले तरी ते ओरडणार नाहीत. पुठ्ठा उचलून उजेडात धरतील, "पुन्हा कर" म्हणतील, दुसरा पुठ्ठा पुढे सरकवतील आणि शेजारी उभे राहतील. असे चालले तर मी कितीही ठरवले तरी एक दिवस माझ्या हातून काम सरळ होईल. तो दिवस कार्यालयाने मंजूर करू नये.

कळावे, आणि कळल्यास घरी कळवू नये.

आपला,
विश्वास ठेवू नये असा, तरी नम्र,

(सही)
इयत्ता नववी, खिडकीजवळचे मशीन
दिनांक : सूचना लागल्यानंतरचा दुसरा सोमवार